छोट्या बँडला दौरा का नाही?

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा शो झाला की आपल्याकडे एक भांडण हमखास उकरून निघतं. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले, १८, १९ आणि २१ तारखेला, तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, बघता बघता संपली, ब्लॅकचा इतका बोभाटा झाला की पोलिसांना चौकशी लावावी लागली, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या गाणं ऐकणाऱ्या लोकांत सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, परदेशी बँडसाठी पस्तीस हजार मोजता आणि आपल्या कळव्याच्या, ऐरोलीच्या पोरांच्या शोला तीनशे रुपये द्यायला तुमच्या जिवावर येतं. दुसरी पार्टी म्हणते, पोरांनी आधी तेवढं चांगलं वाजवावं, मग देऊ, आणि नसेल परवडत तर गप नोकरी करावी, कोणी हातापाया पडलंय का बँड काढा म्हणून. त्यानंतर कुठलाही मोठा शो होऊ दे, हेच वाद त्याच शब्दांत चालू होतात, आणि मला दरवेळी वाटतं की दोन्हीकडचे लोक कळकळीने बोलतायत पण दुखणं तिसरीकडेच आहे.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडचा छोटा बँड लोकांच्या कंजूषपणाने मरत नाही आणि बहुतेक वेळा टॅलेंट कमी म्हणूनही मरत नाही. तो मरतो कारण एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं, वाजवायचं आणि परत यायचं याचा हिशोब महाराष्ट्रात जुळतच नाही. नाटकाला दौरा आहे, तमाशाला जत्रा आहेत, कीर्तनकाराला सप्ताह आहेत. स्वतःची गाणी करणाऱ्या चार-पाच जणांच्या बँडला यातलं काहीच नाही. आणि दौरा ही काही आपोआप उगवणारी गोष्ट नाही, ती कोणीतरी उभी करावी लागते.

मी वाजवत नाही, पण ठाण्याच्या एका बँडबरोबर काही वर्षं साउंड बघायला फिरतोय, त्यामुळे हिशोब तोंडपाठ आहे. समजा पुण्यात शो आहे, म्हणजे सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात सोपा. कॅफेवाल्याशी ठरलंय की गेटवर जमेल त्यातले तीस टक्के त्याचे. तिकीट तीनशे, आली साठ माणसं, आणि साठ माणसं म्हणजे चांगला शो झाला बरं का, खुर्च्या कमी पडतात. जमले अठरा हजार. कॅफेचे पाच हजार चारशे गेले, उरले बारा हजार सहाशे. ठाण्याहून मोठी गाडी, ड्रायव्हर, डिझेल, टोल धरून साडेसात हजार. कॅफेत ड्रमकिट नाही म्हणून भाड्याने आणलं, तीन हजार. सहा जणांचं दोन वेळचं खाणं दीड हजार. खाली राहिले सहाशे रुपये, म्हणजे माणशी शंभर. यात रिहर्सलसाठी तासावर घेतलेल्या जॅम पॅडचे पैसे नाहीत, तुटलेल्या तारा नाहीत, फुटलेल्या स्टिक्स नाहीत. आणि हे पुणं आहे, रात्रीतून परत येता येतं. कोल्हापूर किंवा नागपूर म्हटलं की लॉज आला, एक दिवसाची रजा आली, आणि हिशोब उणे व्हायला लागतो.

यात कंजूष कोण होतं मला सांगा? साठ माणसांनी पैसे देऊन तिकीट काढलं. कॅफेवाल्याने आपला वाटा घेतला, त्यालाही भाडं भरायचंय. बँडने वाजवलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं तरी शेवटी माणशी शंभर, मग "लोकांनी सपोर्ट केला पाहिजे" असं ओरडून त्या शंभराचे हजार कसे होणार?

पैशाच्या पुढची गोष्ट म्हणजे तिथे पोचल्यावर काय मिळतं. बहुतेक जागा खाण्यापिण्याच्या, गाणं हे त्यांच्यासाठी शनिवारी गिऱ्हाईक थांबवून ठेवायचं साधन. मिक्सर काउंटरच्या कोपऱ्यात ठेवलेला, शेजारी सोड्याच्या बाटल्या, लोकांकडे तोंड केलेले दोन स्पीकर आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर एकच मॉनिटर, तो गायकाला दिला तर ड्रमरला काहीच ऐकू येत नाही आणि तो अंदाजाने वाजवतो. गिटारला अँप, म्हणजे तिचा स्वतःचा स्पीकर, नसतो म्हणून इफेक्टचा प्रोसेसर सरळ मिक्सरमध्ये घालायचा. सहाला साउंडचेक ठरलेलं असतं पण मोठ्या स्क्रीनवर मॅच चालू असते, ती संपेपर्यंत आवाज काढायचा नाही. मग आठला धावतपळत दोन माइक तपासायचे आणि सुरू. तिसऱ्या गाण्याला मॅनेजर येऊन सांगतो, दादा जरा आवाज कमी करा, टेबलावरच्या लोकांना बोलता येत नाहीये. रात्री एकला सामान गाडीत, झांजांची बॅग मांडीवर घेऊन बेसिस्ट झोपलेला, पहाटे घरी, आणि सोमवारी महापे नाहीतर ऐरोलीच्या ऑफिसात सगळे हजर. अशा शोनंतर कोणी म्हटलं की बँडचा आवाज चांगला नव्हता, तर तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच वाईट ऐकू आलेलं असतं.

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. नवी मुंबईकर रोज तिथून जातात, पण भाव्यांनी नेमकं काय केलं ते या वादात कोणी काढत नाही. १८४३ साली सांगलीत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी पहिलं मराठी नाटक केलं, एवढं शाळेत असतं. पण १८५१ मध्ये आप्पासाहेब पटवर्धन गेले, राजाश्रय संपला, आणि मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करत १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थेटरात तिकीट लावून नाटक केलं. म्हणजे आज ज्याला आपण मराठी रंगभूमी म्हणतो ती एका बुडालेल्या आश्रयातून आणि त्यानंतरच्या फिरतीतून उभी राहिली. पुढे किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी, ललितकलादर्श, सगळ्या फिरत्या कंपन्या. आणि त्यांच्या फिरतीमुळे गावात थेटरं झाली, नाटकं आणणारे ठेकेदार तयार झाले, त्यातूनच पुढे पालिकांची नाट्यगृहं आली. आजसुद्धा नाटकाची बस निघते, सेटचा टेम्पो पुढे गेलेला असतो, नटाला नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, ठरलेली असते, त्या गावचा कॉन्ट्रॅक्टर जाहिरात आणि बुकिंग बघतो, आणि हॉलला रंगमंच, लाइट, मेकअप रूम असते. नटाने प्रत्येक गावात आपला विंग आणि पडदा बरोबर न्यावा अशी कोणी अपेक्षा करत नाही. बँडकडून मात्र नेमकी तीच अपेक्षा असते.

तमाशाचंही तसंच. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी पाडव्याच्या सुमारास येऊन जत्रेची सुपारी ठरवतात, इसार देतात, तारीख पक्की. फडमालकाला चैत्र-वैशाखात कुठल्या रात्री कुठल्या गावात आहे हे आधी माहीत असतं. आमच्याकडे शोची तारीख आठ दिवस आधी एका मेसेजवर रद्द होते आणि इसार हा शब्दसुद्धा कोणी काढत नाही. शिकलेल्या, लॅपटॉपवर इनव्हॉइस पाठवणाऱ्या धंद्यापेक्षा जत्रेचा व्यवहार जास्त पक्का आहे, याचा विचार शहरी लोकांनी करायला पाहिजे.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा, दौरा असून तरी कोणाचं भलं झालं? बालगंधर्वांसारख्या माणसाची कंपनी कर्जात गेली. तमाशाचे फडमालक आजही सावकाराच्या पैशावर हंगाम सुरू करतात, एक पावसाळी चैत्र आला की ट्रक विकायची वेळ. हे सगळं खरं आहे आणि दौरा म्हणजे सुबत्ता असं मी म्हणतच नाही. पण फरक बघा. गंधर्व मंडळी बुडाली म्हणून नाटक बुडालं नाही. हॉल तिथेच राहिले, कॉन्ट्रॅक्टर तिथेच राहिले, प्रेक्षकांची सवय तिथेच राहिली, आणि पुढच्या मंडळीने त्याच वाटेने दौरा केला. आमच्याकडे एक बँड फुटला की त्याने पाच वर्षांत जोडलेले कॅफेवाले, गावं, ओळखी सगळं त्याच्याबरोबर जातं आणि पुढची पोरं पुन्हा शून्यापासून फोन लावत बसतात. एकाचं बुडणं पुढच्याच्या कामी येत नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

दुसरा मुद्दा दर्जाचा. हा मी मनापासून मान्य करतो, कारण जवळून बघितलंय. आठची वेळ देऊन साडेनऊला सुरू करणारे बँड आहेत, स्टेजवर पाच-पाच मिनिटं ट्यूनिंग करणारे आहेत, दोन स्वतःची गाणी आणि बारा कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवून स्वतंत्र बँड म्हणवणारे आहेत, शोच्या आदल्या दिवशी एक पोस्ट टाकून लोक आले नाहीत म्हणून रडणारे तर खूपच. प्रेक्षकाने संध्याकाळ आणि पैसे दिलेत, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण मग हेही विचारा की नाटक घट्ट कधी होतं? कुठलाही रंगभूमीवरचा माणूस सांगेल की पहिल्या प्रयोगात जागा सुटतात, पंचवीस-तीस प्रयोगांनंतर नाटक बसतं, टाळी कुठे येणार हे नटाला कळायला लागतं. वर्षातून सहा वेळा वाजवणाऱ्या बँडला पंचविसावा प्रयोग गाठायला चार वर्षं लागतात, तोवर ड्रमरचं लग्न होतं, कीबोर्डवाला बंगलोरला जातो. आधी दर्जा आणा मग स्टेज देतो, हे म्हणताना आपण दर्जा येण्याचा एकमेव रस्ताच बंद करतोय. दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडचं उदाहरण बघा, घरात व्हिडिओ करणारी पोरं, त्यांचा पहिला दौरा २०१९ मध्ये युरोपात झाला, जर्मनीच्या वाकेन फेस्टिवलसकट. हिंदी-पंजाबीत गाणाऱ्या बँडला पहिला सलग दौरा करायला युरोपला जावं लागतं, कारण तिकडे शहरागणिक दोन-तीनशे माणसांच्या, कायमची साउंड सिस्टिम असलेल्या जागा आहेत. टॅलेंट इकडचंच होतं ना?

कोणी म्हणेल आता कशाला फिरायचं, रील टाका, यूट्यूबवर गाणी टाका, घरबसल्या जग ऐकेल. ऐकेल खरं, आणि बऱ्याच जणांना पहिली ओळख तिथेच मिळाली. पण छोट्या बँडला ऑनलाइन ऐकण्याचे जे पैसे मिळतात त्यातून रिहर्सलचं भाडंही निघत नाही, आणि रील बघणारा माणूस नाशिकचा की नांदेडचा हे कळलं तरी तिथे जाऊन वाजवायला जागा लागतेच.

यापेक्षा जड मुद्दा पैशाचा. सरकारी हॉस्पिटलात खाटा नाहीत, घोडबंदर रोडवर खड्डे आहेत, आणि तुम्हाला गिटारवाल्यांसाठी पालिकेचा पैसा पाहिजे? हा प्रश्न विचारणारा माणूस बरोबर प्रश्न विचारतोय. म्हणून मी करदात्याच्या खिशात हात घालायला सांगत नाही. पैसा जिथे आधीच वाहतोय तिथून थोडा वळवा. ब्रिटनमध्ये छोट्या जागा भराभर बंद व्हायला लागल्या तेव्हा अशा जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने मागणी केली की स्टेडियम आणि अरीनाच्या प्रत्येक तिकिटातला एक पाउंड छोट्या जागांसाठी बाजूला काढा, २०२४ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने तशी शिफारसही केली. आणि त्याच वर्षी कोल्डप्लेने जाहीर केलं की २०२५ च्या आपल्या ब्रिटनमधल्या स्टेडियम शोच्या कमाईतला दहा टक्के वाटा या ट्रस्टला देणार. ज्या बँडच्या नावाने आपण भांडत होतो त्याने स्वतःच्या देशात उत्तर देऊन टाकलंय, कारण लंडनच्या छोट्या क्लबांत वाजवत आपण वर आलो हे त्यांना माहीत आहे. फ्रान्समध्ये तर कॉन्सर्टच्या तिकीटविक्रीवर साडेतीन टक्के कर आहे आणि तो पैसा संगीताच्याच राष्ट्रीय केंद्राकडे जातो.

इथे हिशोब करून बघा. नेरूळच्या एका शोला चाळीस हजार माणसं धरली तरी तीन रात्रींची एक लाख वीस हजार तिकिटं. तिकिटामागे पन्नास रुपये, तर साठ लाख जमतात. अडीच हजारांचं तिकीट काढणाऱ्याला पन्नास रुपये जाणवणार नाहीत, आणि साठ लाखांत माझ्या अंदाजाने पाच-सहा लहान हॉलना चांगली, कायमची साउंड सिस्टिम आणि एकेक ड्रमकिट बसवता येईल. मोठा आणि छोटा यांत भेद करायचा हे तत्त्व सरकारला नवीनही नाही. कॉन्सर्टचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. मराठी नाटकाला प्रयोगामागे अनुदान आहे, बहुतेक पालिकांच्या नाट्यगृहांत त्याला सवलतीचं भाडं आहे, आणि ते असलंच पाहिजे. मग मराठीत स्वतःची गाणी लिहून गाणारा बँड त्याच हॉलमध्ये गेला की त्याला नाटकाची सवलत का लागू नये?

बाजारच हे करेल असं म्हणणाऱ्यांना लोअर परळचं ब्लू फ्रॉग, बँड ऐकायचा क्लब, आठवत असेल. २००७ मध्ये सुरू झालं, साउंड अफाट, देशभरातल्या बँडना तिथे वाजवायची आस, आणि २०१६ मध्ये बंद. मुंबईतल्या जागेचं भाडं स्वतंत्र संगीताच्या जिवावर निघत नाही, मग ते चालवणाऱ्यांचे कान कितीही चांगले असोत.

राहिला आवाजाचा मुद्दा, आणि ठाणेकर म्हणून तो मला जवळचा आहे. डीजेच्या भिंतींनी आपली म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं हैराण झालीत, ठाण्यातूनच यावर जनहित याचिका गेली आणि २०१६ मध्ये हायकोर्टाचा निकाल आला, ते चांगलंच झालं. धोबीतलावचं रंगभवन हे उघडं थिएटर आठवा, १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिवल वर्षानुवर्षं तिथे व्हायचा, आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, सायलेन्स झोन झाल्यावर तिथलं उघड्यावरचं संगीत थांबलं. पेशंटच्या झोपेपेक्षा आमचं गाणं मोठं नाही. पण रंगभवन गेलं त्याच्या बदल्यात बंद छपराखालची तेवढी जागा कोणी दिली का? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच रात्री दहा नंतरच्या लाउडस्पीकर बंदीतून बंदिस्त सभागृहं वगळलीत. म्हणजे रहिवाशांचा त्रास आणि बँडची गरज, दोन्हींवर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे नीट आवाज अडवणारा लहान हॉल. जो माणूस आवाजाच्या विरोधात आहे त्याने या मागणीत सगळ्यात पुढे असायला हवं.

आणि जागा अगदीच नाहीत असं नाही. ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात मोठ्या थिएटरबरोबर मिनी थिएटर आहे, वाशीत भावे आहे. नाटकाच्या शनिवार-रविवारला कोणी हात लावू नये, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण मंगळवार-बुधवारच्या संध्याकाळी रिकामे असतील ते हॉल महिन्यातून दोनदा, नाटकाच्या दराने, स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडना द्या. ठाणे, वाशी, कल्याण, पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, एवढ्या ठिकाणी असा एकेक वार ठरला तरी एक बँड सात शोची तारखांसकट आखणी करू शकतो, गाडी एकदाच ठरवतो, ड्रमकिट हॉलचंच वापरतो, आणि वर मांडलेल्या हिशोबातले साडेदहा हजार, गाडीचे आणि किटचे, त्यातले निम्मे तरी वाचतात. बँडनेही लिहून द्यावं की वेळेवर सुरू करू, दहाच्या आत संपवू, स्टेज स्वच्छ करून जाऊ, नाही पाळलं तर पुढच्या वर्षी तारीख मिळणार नाही.

पंतप्रधानांनी जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या भाषणात कोल्डप्लेचं नाव घेऊन कॉन्सर्ट इकॉनॉमीची गोष्ट केली, त्यानंतर राज्याराज्यांत मोठ्या जागांची भाषा सुरू झाली, नवी मुंबईतही हजारो माणसांच्या इनडोअर अरीनाची चर्चा आहे. होऊ दे, माझा विरोध नाही, मीही तिकीट काढेन. पण त्याचा नकाशा मंजूर होताना नवी मुंबईच्या लोकांनी एक हरकत नोंदवावी, की त्याच इमारतीत दोनशे माणसांचा एक हॉल असल्याशिवाय परवानगी देऊ नका, त्याला वेगळं दार, स्वतःची साउंड सिस्टिम, आणि भाडं एवढंच की तीनशे रुपयांच्या साठ तिकिटांतून ते देऊन वर बँडच्या हातात काही उरेल.